स्टेपडाउन लावूनही अमेरिकेचं टूल बसतं, तापतं, जळतं? आधी हे तपासा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टूल दुरुस्तीचं आणि मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. डिसेंबरात परदेशातली मंडळी सुट्टीला गावाकडं येऊन गेली की जानेवारीपासून माझ्या काउंटरवर एकाच जातीचं गिऱ्हाईक येतं. हातात खोकं, खोक्यात अमेरिकेहून आलेला सर्क्युलर सॉ (गोल पात्याची करवत), राउटर (लाकडात खाचा पाडायचं मशीन) नाहीतर हॅमर ड्रिल, आणि चेहरा पडलेला. मशीन नवंकोरं. तक्रार दोनच प्रकारची: "चालतंय पण दम नाही", नाहीतर "चाललं की, पण एकदाच."

मागं गडहिंग्लजकडचे एक मामा असाच सव्वासात इंची सॉ घेऊन आले. भाच्यानं टेक्सासहून आणलेला. "स्टेपडाउन घेतला, चांगला जड बघून घेतला, तरी सागाच्या फळीला लावला की बसतोय. कशाचं कौतुक करायचं अमेरिकेच्या मालाचं?" मी सॉ माझ्या टेबलावरच्या ट्रान्सफॉर्मरला जोडून ट्रिगर दाबला. असा सुसाट सुटला की दुकानातला पोरगा दचकून मागं सरला. सॉ ठणठणीत होता. दोष कुठं होता ते पुढं चौथ्या तपासणीत सांगतो, कारण त्याआधीच्या तीन तपासण्या त्याहून स्वस्त आहेत.

मूळ भानगड एवढीच: अमेरिका-कॅनडात घरातली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. (हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा हेलकावते तो आकडा.) व्होल्टेजचा फरक स्टेपडाउन, म्हणजे व्होल्ट खाली आणणारा ट्रान्सफॉर्मर, मिटवतो. हर्ट्झचा फरक कुठलाच ट्रान्सफॉर्मर मिटवत नाही, दुकानदार काहीही सांगो.

लक्षणं

तुमचं टूल यातलं काय करतंय ते आधी ठरवा.

- प्लग लावला, स्विच दाबला, क्षणभर भलताच वेग, मग जळका वास आणि शांतता.
- मोकळं छान फिरतं, पण लाकडाला किंवा भिंतीला टेकवलं की आवाज खाली येतो आणि थांबतं.
- टूल बरं आहे, पण ट्रान्सफॉर्मर दहा मिनिटांत हात ठेवू देत नाही, किंवा जोरात गुणगुणतो.
- एमसीबी (बोर्डावरचा, जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडतो. कधी टूल सुरू करताना, तर कधी नुसता ट्रान्सफॉर्मर चालू करतानाच.
- वेग कमीजास्त करायचं बटण नावालाच उरलंय. मशीन घरघरतं, झटके देतं.
- बॅटरीच्या टूलचा चार्जर मुका. दिवाच लागत नाही.
- टूलच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या.
- बेंच ग्राइंडर, ड्रिल प्रेस, कॉम्प्रेसर: चालतात, पण संथ, आणि काम नसतानाही तापतात.

पहिलं लक्षण असेल तर आता परत परत लावून बघू नका. "एकदा अजून बघूया" म्हणून लावलेल्या दुसऱ्या वेळेलाच, फक्त फिल्ड (मोटारीचं स्थिर वाइंडिंग) गेलेली असते तिथं आर्मेचरही (फिरणारं वाइंडिंग) जातं. झिणझिण्या असतील तर सगळं बंद करून थेट पाचव्या तपासणीवर या.

१. पाटी वाचा. फुकट आहे.

टूलच्या बुडाशी किंवा पोटावर छोटी पाटी असते. मोबाइलनं फोटो काढून मोठा करून वाचा. तीन गोष्टी बघायच्या: व्होल्ट, हर्ट्झ, अँपियर.

"१००-२४०" लिहिलेलं असेल तर ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही, फक्त प्लग बदलायचा. पण असं भाग्य लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरचं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टूलच्या बॅटरीचे चार्जर बहुतेक निव्वळ १२० व्होल्टचे असतात. लोक लॅपटॉपचा अनुभव टूलला लावतात आणि फसतात. मुका झालेला चार्जर दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीला बसणारा २३० व्होल्टचा चार्जर इथं विकत घ्या. बॅटरीला भिंतीतल्या विजेशी देणंघेणं नसतं. डिवॉल्टची अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकली जाणारी बॅटरी युरोपात '१८ व्होल्ट' म्हणून विकतात. आत पाच सेल तेच. पूर्ण भरल्यावरचा आकडा २०, कामाचा १८.

हर्ट्झच्या जागी "५०/६०" असेल तर निम्मी काळजी मिटली. नुसतं "६०" असेल तर आत कुठली मोटार आहे ते बघावं लागेल, त्यासाठी सहावी तपासणी आहे.

अमेरिकन पाटीवर बऱ्याचदा वॉट नसतात, अँपियर असतात. १५ अँपियर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे १८०० व्हीए (व्होल्ट-अँपियर). हा आकडा कागदावर लिहून ठेवा, लगेच लागणार आहे.

जपानहून आलेलं टूल १०० व्होल्टचं असतं. आपल्याकडचा ११० चा स्टेपडाउन त्याला दहा टक्के जास्त देतो. ड्रिल ते खपवून घेईल, पण तापणाऱ्या वस्तूला आणि इलेक्ट्रॉनिक्सला ते जास्तच आहे.

२. मधला डबा नक्की काय आहे?

टूल आणि भिंत यांच्यामध्ये काय लावलंय, हा माझा पहिला प्रश्न असतो आणि उत्तर ऐकून मी निम्म्या वेळा टूल उघडतच नाही.

*नुसता प्लग अडॅप्टर:* हा पिनांचा आकार बदलतो, बाकी काही नाही. २३० आत, २३० बाहेर. हीट गनचं उदाहरण घ्या. १२० व्होल्टला १५०० वॉटची हीट गन, तिच्या तारेचा रोध ९.६ ओहम. तीच २३० ला लावली तर २४ अँपियर ओढते आणि साडेपाच हजार वॉट होते. व्होल्टेज दुपटीहून थोडं कमी वाढलं, उष्णता साडेतीनपटीहून जास्त वाढली. सेकंदात लालबुंद, मग ढप्प.

*स्टॅबिलायझर:* "अहो, घरी स्टॅबिलायझर आहे की!" हे वाक्य मी दर सीझनला ऐकतो. स्टॅबिलायझर कमी-जास्त होणारी वीज सावरून २३० च्या आसपास देतो. ११० नाही.

*हलका प्रवासी कन्व्हर्टर:* मुठीत मावतो, वर १६०० वॉट लिहिलेलं. हा फार फसवा. यात ट्रान्सफॉर्मर नसतोच. आतला इलेक्ट्रॉनिक स्विच विजेच्या लाटेचे तुकडे पाडून सरासरी खाली आणतो. १२० व्होल्टच्या खऱ्या लाटेचं शिखर सुमारे १७० व्होल्ट असतं; या तुकड्यांची शिखरं तीनशेच्या आसपास जातात. केस वाळवायच्या साध्या ड्रायरला चालतं, कारण तापणाऱ्या तारेला लाटेच्या आकाराशी मतलब नसतो. वेग बदलणारं ड्रिल, सॉफ्ट स्टार्टचा (सावकाश वेग घेणारा) राउटर, चार्जर यांचं सर्किट यानं जातं. घरघर आणि झटके हे लक्षण असेल तर संशय आधी यावर घ्या.

*खरा ट्रान्सफॉर्मर:* जड असतो. मी लेबल नंतर वाचतो, आधी उचलून बघतो. ३००० वॉट म्हणवणारा डबा दोन बोटांवर झुलत असेल तर लेबल खोटं आहे. तांबं आणि लोखंड वजनाशिवाय येत नाही.

आकार किती घ्यायचा? पाटीवरच्या व्हीएच्या निदान दीडपट, सॉ आणि ग्राइंडरसाठी दुपटीच्या जवळ. मोटार सुरू होताना काही क्षण पाटीवरच्या आकड्याच्या कित्येकपट करंट घेते. १८०० व्हीएच्या सॉला ३ केव्हीए (म्हणजे ३००० व्हीए), सात अँपियरच्या साध्या ड्रिलला दीड केव्हीए. लेबलवर 'वॉट कमाल' आणि 'वॉट सतत' असे दोन आकडे असतील तर छोटा धरायचा.

३. मीटर लावा, पण टूल चालू असताना

साधा मल्टिमीटर पुरतो. तीन वेळा मोजायचं: भिंतीच्या सॉकेटला, ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला टूल बंद असताना, आणि तिथंच टूलवर काम चालू असताना. एकानं फळी कापायची, दुसऱ्यानं मीटर बघायचा.

नुसतं रिकामं मोजून "एकशे दहा येतंय की" म्हणणारे बरेच. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरवर भार नसतो, त्यामुळं बारका ट्रान्सफॉर्मरही ११० दाखवतो. खरं रूप ओझं पडल्यावर कळतं.

स्टेपडाउन म्हणजे फक्त गुणोत्तर. आत २३० तर बाहेर ११०. आत १९० तर बाहेर ९१. आमच्याकडं शेतावरच्या लाइनला संध्याकाळी पंप सुरू झाले की १८०-१९० ही काही नवलाची गोष्ट नाही. मग सॉ बसणारच. अशा ठिकाणी ट्रान्सफॉर्मरच्या आधी स्टॅबिलायझर लावायला हरकत नाही, मात्र तोही तेवढ्याच ताकदीचा हवा.

काम चालू असताना ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटला १०५ च्या वर मिळत असेल तर टूलला तक्रारीला जागा नाही. शंभराच्या खाली जात असेल आणि भिंतीत २२५-२३० टिकून असेल, तर ट्रान्सफॉर्मर लहान आहे. कमी व्होल्टेजवर टूल "हळू चालवून" काम उरकू नका. ओझ्याखाली वेग पडला की करंट वाढतो, आणि त्याच वेळी मोटारीचा पंखाही हळू फिरतो. म्हणजे तापायचं जास्त, वारा कमी. मशीन असं हळूहळू जळतं आणि मालकाला वाटतं की मालच कच्चा होता.

४. लांब वायर कुठल्या बाजूला आहे?

आता मामांचा सॉ. त्यांना मी म्हटलं, "पुढच्या खेपेला ट्रान्सफॉर्मर आणि वायर, दोन्ही घेऊन या." चार दिवसांनी आले. ट्रान्सफॉर्मर चांगला होता. वायर मात्र एक चौरस मिलिमीटरची, ३५ मीटर, चकरीवर गच्च गुंडाळलेली. ट्रान्सफॉर्मर घराच्या सोप्यात ठेवलेला, आणि तिथून वायर मागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत नेलेली.

टेबलावर तशीच जोडणी केली. ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी १०९ व्होल्ट. वायरच्या दुसऱ्या टोकाला, सॉ साधारण १२ अँपियर ओढत असताना, ९३. सोळा व्होल्ट वायरीतच गेले. हिशेब सोपा आहे: जाऊन-येऊन ७० मीटर तांबं, त्याचा रोध सुमारे १.४ ओहम, गुणिले १२. चकरीला हात लावला तर कोमट नव्हे, चांगली गरम.

उपाय शून्य रुपयांचा. ट्रान्सफॉर्मर उचलून शेडात नेला, आणि तीच वायर भिंतीचं सॉकेट आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या मध्ये आली. २३० च्या बाजूला तेवढ्याच कामाला सहाएक अँपियरच लागतात, म्हणून वायरीत आठ व्होल्ट गेले, आणि तेही २३० मधून. सॉला १०५ मिळायला लागले. मामांनी फळी कापली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "म्हणजे ट्रान्सफॉर्मरला नुसतं घर बदलायला लागलं होय."

तेव्हा नियम असा: लांब वायर ट्रान्सफॉर्मरच्या आधी, आखूड वायर नंतर. वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या आणि काम करताना चकरीवरून पूर्ण सोडा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतले वेटोळे वितळून एकमेकांना चिकटतात. असे चिकटलेले वेटोळे मी कापून बाजूला केले आहेत.

५. सॉकेट, एमसीबी, अर्थिंग

१८०० व्हीएला २३० च्या बाजूला आठ अँपियर लागतात. म्हणजे ६ अँपियरचं छोटं सॉकेट बाद. १६ अँपियरचं मोठं, गीझरचं वगैरे असतं ते हवं. छोट्या सॉकेटमधून तीन पिनी अडॅप्टर लावून काढलेलं कनेक्शन आधी पिवळं पडतं, मग काळं.

ट्रान्सफॉर्मर नुसता चालू करताना एमसीबी पडत असेल तर घाबरू नका. लोखंडाला चुंबकत्व चढताना पहिल्या क्षणी करंटची उसळी येते, आणि गोल बांगडीसारख्या ट्रान्सफॉर्मरची उसळी जास्तच असते. एमसीबीवर 'बी' प्रकार असेल तर तो अशा उसळीला पडतो. मोटारीसाठी 'सी' प्रकार लागतो. पण तो बदलायचं काम वायरमनचं. आणि "सारखा पडतोय" म्हणून १६ च्या जागी ३२ चा टाकायचा नाही. एमसीबी भिंतीतल्या वायरीची राखण करतो, तुमच्या टूलची नाही. वायर जुनीच ठेवून एमसीबी वाढवलात तर जळायची पाळी भिंतीवर येते. तोपर्यंत एक सवय लावा: टूलचा स्विच बंद ठेवून आधी ट्रान्सफॉर्मर चालू करायचा, दोन सेकंदांनी टूल. दोन्ही उसळ्या एकदम आल्या की मग 'सी' प्रकारही पडतो.

झिणझिण्यांचं कारण बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये सापडतं. टूलच्या पाटीवर चौकोनात चौकोन असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थची पिन नसते आणि लागतही नाही. चौकोन नसेल आणि प्लगला तिसरी गोल पिन असेल, तर ती पिन ट्रान्सफॉर्मरमधून भिंतीतल्या खऱ्या अर्थपर्यंत पोचायलाच हवी. ती अडॅप्टरमध्ये बसत नाही म्हणून पक्कडीनं तोडून आणणारे महाभाग आहेत. अशा मशीनला मी हात लावतो, पण आधी नवा तीन पिनी प्लग बसवतो आणि पैसे लावतो.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोकांना सांगितली जाते. बाजारातले बहुतेक स्टेपडाउन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यात एकच वाइंडिंग असतं आणि त्यालाच मधून वायर काढून ११० घेतात. म्हणजे घरची वीज आणि टूल यांच्यात आडपडदा नसतो. भिंतीतले फेज-न्यूट्रल उलटे असतील तर टूलच्या दोन्ही वायरी जमिनीच्या हिशेबानं जिवंत राहतात. टेस्टरनं बघा: आउटपुटच्या दोन भोकांपैकी एकाच भोकात दिवा लागायला हवा. दोन्हीत ठणठणीत लागला तर सॉकेट उलटं जोडलंय. (वेगळं वाइंडिंग असलेल्या, म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर दोन्हीकडं मंद दिवा दिसू शकतो, तो दोष नाही.) शिवाय ऑटो-ट्रान्सफॉर्मरचं खालचं अर्धं वाइंडिंग तुटलं तर वरच्या अर्ध्यातून घरचे २३० थेट टूलपर्यंत पोचतात. म्हणून असल्या ट्रान्सफॉर्मरवर चार्जर लावून रात्रभर झोपायचं नाही. ओलीत किंवा बांधकामावर वापर असेल तर आयसोलेशनचाच घ्या, महाग आणि अवजड असला तरी.

इंग्लंडमध्ये बांधकामाच्या साइटवर सगळी टूल्स पिवळ्या प्लगची, ११० व्होल्टची चालतात, ती याच कारणानं. तिथल्या ट्रान्सफॉर्मरचा मध्यबिंदू जमिनीला जोडलेला असतो, त्यामुळं एका वायरीचा धक्का बसला तरी ५५ व्होल्टचाच बसतो. तसं पिवळ्या प्लगचं टूल कुणी घेऊन आला असेल तर आपल्या ११० च्या ट्रान्सफॉर्मरवर ते सुखानं चालतं, आणि हर्ट्झही ५० च आहे. मात्र त्या ५५ च्या संरक्षणाचा फायदा इथं मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

६. मोटार कार्बनची की बिनकार्बनची?

हातातली टूल्स, म्हणजे ड्रिल, सॉ, ग्राइंडर, राउटर, बहुधा कार्बनवाली असतात. कार्बन म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारा तुकडा. दोन्ही बाजूंना स्क्रूड्रायव्हरनं उघडणारी काळी टोपणं दिसतात, आवाज किंकाळीसारखा. या मोटारीला ५० की ६० हर्ट्झ याचं सोयरसुतक नाही. व्होल्ट बरोबर द्या, चालते.

टेबलावरची यंत्रं, म्हणजे बेंच ग्राइंडर, ड्रिल प्रेस, कॉम्प्रेसर, यांत बहुतेक वेळा इंडक्शन मोटार असते. टोपणं नसतात, पाठीवर कपॅसिटरचा उंचवटा असतो, आवाज गुणगुणल्यासारखा. तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. पाटीवर १७२५ फेरे असतील तर इथं साधारण १४३० मिळणार, ३४५० असतील तर २८५० च्या आसपास. एक षष्ठांश वेग गेलाच. तो परत आणायचा साधा उपाय नाही.

वेगापेक्षा वाईट म्हणजे तापणं. हर्ट्झ कमी झाले की तेवढ्याच व्होल्टला लोखंडात चुंबकत्व जास्त भरतं, लोखंड तृप्त होतं आणि मोटार रिकामी फिरतानाही जादा करंट ओढते. म्हणून अशा मोटारीला ५० हर्ट्झवर १२० द्यायचे नसतात, त्याच प्रमाणात कमी करून १०० द्यायचे. वाइंडिंगवाल्याकडून ट्रान्सफॉर्मरला १०० चा टॅप काढून घेता येतो. माझा सल्ला मात्र वेगळा: मोटारच बदला. इथली एक एचपीची १४४० फेऱ्यांची मोटार, नवा पट्टा, हव्या मापाची पुली, आणि ट्रान्सफॉर्मरचं लोढणं कायमचं सुटतं.

पाटीवर "११५/२३०" असेल तर डबीतली जोडणी बदलून मोटार थेट २३० वर घेता येते, पण ६० हर्ट्झची मोटार असेल तर जादा तापण्याची तक्रार तिथंही आहेच. ही जोडणी घरी करू नका.

७. कार्बन

घरी करण्यासारखी शेवटची गोष्ट. प्लग काढा, टोपण उघडा, कार्बन बाहेर घ्या. लांबी सहा मिलिमीटरच्या खाली गेली असेल किंवा स्प्रिंग जळून निळी पडली असेल तर जोडी बदला, एकच नाही. नेमका कार्बन मिळाला नाही तर थोडा मोठा घेऊन सपाट काचपेपरवर घासून बसवता येतो. सैल मात्र चालत नाही, डुगडुगला की ठिणगी.

नवा कार्बन घातल्यावर थोडी निळी ठिणगी उडतेच, दहा मिनिटं रिकामं चालवा. पण कम्युटेटरभोवती (कार्बन जिथं घासतो तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) पूर्ण गोल आगीची कडी दिसली तर ताबडतोब बंद करा. ते आर्मेचर शॉर्ट झाल्याचं लक्षण आहे, कार्बनचा दोष नाही.

इथं थांबा

यापुढचं काम वाइंडिंगवाल्याचं किंवा वायरमनचं आहे. कुणाला कधी बोलवायचं:

वार्निशचा जळका वास आला असेल, आगीची कडी दिसली असेल, टूल गोठल्यासारखं नुसतं गुणगुणत असेल, तर वाइंडिंगवाला. मी अशा वेळी टूल दोनशे वॉटच्या जुन्या तारेच्या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब अजिबात लागला नाही तर कुठंतरी वाइंडिंग, कार्बन किंवा स्विच तुटलाय. एक टोक वाइंडिंगला आणि दुसरं बॉडीला लावल्यावर बल्ब जरासाही लागला तर मशीन बॉडीला शॉर्ट आहे, आणि ते मी दुरुस्त केल्याशिवाय परत देत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो. ही सिरीजची उघडी टोकं जिवंत असतात, बघून घरी करायचा प्रयोग नाही.

वेगाचं किंवा सॉफ्ट स्टार्टचं सर्किट गेलं असेल तर ते उघडू नका. २३० लागल्यावर पहिला बळी बहुधा त्यातला व्हॅरिस्टर असतो, बटणाएवढी चकती. १२० व्होल्टच्या मालात ती १३०-१५० पर्यंतचीच घातलेली असते. नशीब चांगलं असेल तर तेवढीच बदलून भागतं. पण शेजारच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

झिणझिण्या सॉकेट तपासूनही राहिल्या, सॉकेट उलटं निघालं, एमसीबी बदलायचा असेल, किंवा घरात अर्थिंगच नसेल, तर परवानाधारक वायरमन. ट्रान्सफॉर्मरचा डबाही स्वतः उघडायचा नाही.

"आर्मेचर-फिल्ड दोन्ही २३० वर रिवाइंड करून द्या की, ट्रान्सफॉर्मरची कटकट नको" असं दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. होतं ते. दुप्पट फेरे, निम्म्या छेदाच्या क्षेत्रफळाची तार. पण कम्युटेटरच्या पट्ट्या तेवढ्याच राहतात, म्हणजे दोन पट्ट्यांमधलं व्होल्टेज दुप्पट, आणि ठिणगी वाढते. स्विच, सर्किट वेगळं बदलावं लागतं. मोठ्या डेमोलिशन हॅमरला मी करून देतो. साध्या ड्रिलला सांगतो, त्या पैशात इथलं नवं घ्या, वॉरंटीसकट.

उलटा प्रवास

दुबई, अबुधाबी, मस्कतला जाणाऱ्या पोरांना सोपं: तिकडंही ५० हर्ट्झ आणि आपल्याइतकेच व्होल्ट, फक्त चौकोनी तीन पिनांचा प्लग. सौदीत ६० हर्ट्झ आहे, कार्बनच्या टूलला फरक पडत नाही, आणि जुन्या इमारतीत १२७ व्होल्टची सॉकेटंही सापडतात, तेव्हा आधी मीटर. इथला ग्राइंडर अमेरिकेत १२० ला लावला तर जळत नाही, पण चौथाईच्या आसपास ताकद उरते. नेण्यात अर्थ नाही.

आणि विजेचं सगळं जमल्यावर लोक परत येतात ते डिस्कसाठी. अमेरिकन साडेचार इंची ग्राइंडरला ७/८ इंच, म्हणजे २२.२३ मिलिमीटर भोकाची डिस्क लागते. आपल्या गल्लीतली चार इंची डिस्क १६ मिलिमीटर भोकाची. भोक कानशीनं मोठं करून बसवायचं नाही, आणि पाच इंची बसावी म्हणून गार्ड काढायचं तर मुळीच नाही. ११५ मिलिमीटरची डिस्क मागून घ्या, तिच्यावर छापलेले फेरे ग्राइंडरच्या पाटीवरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त आहेत एवढं बघा. मामांच्या भाच्याला मी हेच कळवलंय: पुढच्या डिसेंबरात ग्राइंडर आणणार असशील तर बॅगेत डिस्का पण घाल.